हळू किती वाजतो?

लॅमिंग्टन रोडला हंसराजभाईंनी
तिसरा डबा काउंटरवर चढवला,
ढोलकीचा तुकडा लावला.
चहाची बशी आपोआप कडेकडे सरकू लागली.
"पाचशे माणसं धरा, ताई. मैदान हललं पाहिजे."

आमची माणसं पस्तीस.
शिवडीचा वृद्धाश्रम, दुसरा मजला,
लिफ्ट कायमची दुरुस्तीत.
मी, माझी पेटी, आणि तबल्याला फ्रेडी परेरा,
ज्याची कंबर कोजागिरीपासून बोलते आहे.

मागच्या खेपेला भाड्याचा स्पीकर
असा शिट्या मारत सुटला
की शेवटच्या रांगेतल्या दमयंती कारखानीस
कानातलं यंत्र काढून
रुमालात गुंडाळून बसल्या,
आणि तरी समेवर मान हलवत राहिल्या.
फ्रेडीचे हात बघून, बहुतेक.

म्हणून विचारलं, "हा हळू किती वाजतो?"

हंसराजभाईंनी चष्मा कपाळावर नेला.
हे कुणी विचारलं नव्हतं त्यांना.
मग पंखा बंद केला,
शटर अर्धं ओढलं,
पोऱ्याला म्हणाले, "श्वाससुद्धा घेऊ नको."
मी नुसता सा धरला,
दूध उतू जाऊ नये इतक्याच आचेवर.

तो दुकानाच्या टोकाला गेला,
वायरींच्या भेंडोळ्यांमागे,
आणि तिथे बसला.

बॅटरी सहा तास. वजन तेरा किलो.
किंमत, पाकिटात होते त्याहून चार हजार वर.
फ्रेडीने डबा उचलला,
दोन पावलं चालला, ठेवला.
"बाय, पायऱ्या किती गं तिथे?"

बेचाळीस, मी म्हटलं.
खरं तर शेहेचाळीस आहेत.