सव्वादोन

लातूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला लावली
आणि पेनाच्या टोपणानं दाखवलं:
हे हाड, हा मेंदू, आणि ही मधली जागा.
इतकी नसते, म्हणाले. आकसलाय.
घड्या रुंदावल्यात, आतल्या पोकळ्या मोठ्या झाल्यात.
मी विचारलं, मग त्या जागेत आता काय असतं?
पाणी, म्हणाले.

पाणी.
औशात आमच्या नळाला ते आठव्या दिवशी येतं,
तेही रात्री दोनला.
हंड्यापासून चहाच्या पातेल्यापर्यंत सगळं भरून ठेवते मी.
आणि सासूबाईंच्या डोक्यात
जिथून जिथून माणसं उठून गेली
तिथं हे न बोलावता येऊन बसलंय.

परतीच्या एसटीत त्यांनी पाकीट मांडीवर घेतलं,
कडा चाचपल्या,
कानाशी नेऊन नखानं वाजवलं,
माल तपासावा तसं.
"तडा नाई," म्हणाल्या. "घे."

सोजरबाई कासारीण.
लामजना, मातोळा, उजनी, किल्लारी,
चाळीस वर्षं डोक्यावर पेटी, पेटीत काच.
बाईच्या तोंडाकडं बघायच्याच नाहीत.
पंजा दाबला की माप सांगायच्या:
हिचं अडीच.
हिचं दोन-सहा, पण अंगठ्याचं हाड आडमुठं, साबण आणा.
ही बाळंतपणात उतरलीय, हिला घरचे खायला घालत नाहीत.
आणि डझनभर चढवून
एकही वाढायची नाही.

वाढायची.
लग्न होऊन आले त्याच आठवड्यात
माझ्या हातून हिरव्यांची अख्खी लड सुटली.
फुटल्या! मी ओरडले.
त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.
"फुटल्या म्हनू नाई, लेकरा. वाढल्या म्हनावं."
डॉक्टर म्हणाले, आकसला.
ह्याला कासाराच्या घरात काय म्हणतात
ते विचारायचं तर त्यांनाच विचारावं लागेल.

आधी हिशोब गेला.
मग नातवाचं नाव, मग मोरीची वाट,
आणि एका दुपारी मी.
"कोन गं बाई तू? कुनाकडं आलीस?"
मी भाकरी थापत होते.
रोज सांगायचे, मी उर्मिला, तुमच्या दिगंबरची बायको.
त्या दिवशी दम नव्हता.
तसाच पिठाचा हात पुढं केला.

त्यांनी धरला.
अंगठा आत मुडपला, करंगळीखालचं मांस दाबलं,
डोळे मिटले.
बोटं जुनीच होती,
वरच्या मजल्यावरची बातमी त्यांच्यापर्यंत आली नव्हती.
"सव्वादोन," म्हणाल्या.
मग जरा थांबून, हळूच,
"सासू लई बोलती व्हय तुला?"
नाही, म्हटलं.
"बोलली तर मला सांग. मी दर बुधवारी यत असते."

रात्री त्या अंधारात हात भरतात.
पाय पसरून बसतात, समोरच्या हवेत कुणाचा तरी पंजा,
तो दाबतात, पुटपुटतात:
अडीच. सव्वादोन. अडीच. पोरीचं माप, बारकं.
त्र्याण्णवनंतर वर्षभर किल्लारीकडं पेटी गेली नव्हती,
ज्यांचे हात उरले होते त्यांतल्याही कितीजणी
हात पुढं करणार नव्हत्या.
नावं आता एकही नाही.
मापं मात्र रांगेत येतात,
आणि शेवटी प्रत्येकीला एक जास्तीची,
आशीर्वादाची, पैसे न घेता.

काल झोपल्यावर मी त्यांचा पंजा धरून बघितला.
अंगठा मुडपला, दाबलं.
हाडं लागली, कातडी लागली, गरम होता.
माप मला आलं नाही.
बावीस वर्षांत मी कधी शिकून घेतलं नाही,
दुकानात सगळं छापील असतं.

तेवढ्यात नळ खाकरला.
हात खाली ठेवला
आणि पातेली लावायला उठले.