दोन किलो साठ ग्रॅम

गंजगोलाईत, सोमाणींच्या काउंटरवर
तीन दिवे मांडलेले.
पहिला मुठीत मावणारा, चार पेन्सिल सेल खाणारा,
असल्याच एकानं लग्नांतून मला अकरा वर्षं पोसलं.
दुसरा दोनशेचा, चहाच्या थर्मासएवढा.
तिसरा चारशेचा.
त्याची पेटी उघडताना
सोमाणीशेठनी आवाज आपोआप खाली आणला,
"उन्हाशी भांडायचं तर हाच."

भांडायचं होतंच.
औशाच्या किल्ल्यात, मे महिन्यात,
साड्यांचा कॅटलॉग; आणि साड्या सहाच्या आत
घडी मोडलीच नाही अशा परत द्यायच्या.

मी आकडे वाचत बसलो:
एका चार्जिंगमध्ये किती वेळा,
एकदा लखलखल्यावर पुन्हा भरायला किती सेकंद,
शटरच्या कुठल्या वेगापर्यंत साथ.
मुबीननं काही वाचलं नाही.
चारशेचा उचलून तो समोरच्या आडतीवर गेला
आणि तुरीच्या काट्यावर ठेवला.
"बॅटरीसकट दोन किलो साठ ग्रॅम!" तिथूनच ओरडला,
"पण काठीच्या टोकाला किती होतंय,
ते लिव्हलंय का कुठं?"

नव्हतं.
एका दिवसाच्या भाड्यानं तिन्ही घेतले.
परवडत नव्हतं, तरी.

सुकेशिनी रात्रपाळी करून थेट आली,
सरकारी दवाखान्याचं ओळखपत्र अजून गळ्यात.
"मागच्या फोटोग्राफरनं एवढी उजळवली मला,
आई म्हणाली, ही कोण गं?"
हसली.
पण काजळ घालताना आरशातून
माझ्याकडंच बघत होती, मी काय म्हणतोय म्हणून.
मी काहीच म्हणालो नाही. वायरी सोडवत राहिलो.

पाऊण वाजता, तटावर,
चारशेच्यानं सूर्याला खरंच मागं सारलं.
धुरकट पांढरं आभाळ निळं झालं,
डोळ्यांखालच्या सावल्या गेल्या,
आणि मी मनात हप्ते मोजायला लागलो
तेवढ्यात छत्रीत वारा शिरला.
मुरमाची पिशवी स्टँडला बांधली होती. फरफटली.
छत्री बुरुजाकडं, मागं मुबीन,
आणि सुकेशिनीनं पदर दातांत धरून
धावत जाऊन स्टँडचा पाय पकडला.
दिवसभरातला तोच एक फोटो माझ्याकडं नाही.

मग बावडीत उतरलो.
पायऱ्यांवर गारवा, खाली शेवाळलेलं थोडं पाणी.
दोनशेचा काठीला, त्याच्यापुढं
मुबीनच्या अम्मीची धुतलेली पांढरी ओढणी.
पहिल्या लखलखाटाला सगळे पारवे उडाले.
चौथ्याला दोन-तीन.
नवव्याला कुणी मानसुद्धा वळवली नाही.

एक घर कमी केलं.
ती तशीच उभी. अजून एक कमी केलं.
अजून अर्धं.
पंगतीत वाढपी जसा
हात आडवा धरला तरी वाढून जातो
तसा मी अकरा वर्षं
चेहऱ्यांवर उजेड वाढत आलो होतो.
आता तो तिच्या गालाच्या हाडापाशी आला
आणि तिथंच थांबला.
तिचा रंग तिचाच राहिला. जांभळ्या काठाचा काठाला.

तिसाव्या मिनिटाला काठी थरथरायला लागली.
"खांद्यानं नको धरूस," ती पोज न मोडता म्हणाली,
"खुब्यावर टेकव. पेशंट उचलताना आम्ही तसंच करतो."
मुबीननं टेकवली.
आणखी चाळीस फोटो निघाले.

मुठीतला लहानगा बॅगेतच राहिला,
परत निघताना त्याचेच सेल काढून
सुकेशिनीच्या टॉर्चमध्ये घातले.

सोमाणींकडं दोनशेचा ठेवून घेतला, सहा हप्त्यांत,
एक जादा बॅटरी घासाघीस करून.
"चारशेचा का नको?" शेठ जरा नाराजच.
मुबीन दंड चोळत काट्याकडं बघत होता.

रात्री कॅटलॉगवाल्याचा फोन आला.
साड्या मिळाल्या, एका निऱ्यांना शेवाळ लागलंय,
बाकी फोटो झकास,
फक्त पोरगी जरा उजळ करता येईल का?

म्हटलं, शेठ,
मोठा दिवा परत दिला.