ढील

चोडणला, शेतकरी संघाच्या खोलीत
खताच्या गोणींवर पाट, पाटावर लॅपटॉप,
आणि पडद्यावर दोनशे बारा ठिपके
एकमेकांत असे रुतलेले
की पाण्यात पडण्याआधीच जाळं गुंतावं.
एवढंच विचारत फिरले होते मी दारोदारी:
रात्री बांध फुटला तर पहिली हाक कुणाला?
ज्याने ज्याचं नाव घेतलं
तिथवर एक रेघ.

एकमेकांना ढकलण्याचा जोर पन्नास ठेवला.
काही हललं नाही.
पाचशे केला
आणि पिएदाद कुलासो चौकटीबाहेर गेली.
खरंच गेली. तिला शोधायला
पडदा चार वेळा सरकवावा लागला.
एकच रेघ होती तिला,
फेरीबोटीवर दोर फेकणाऱ्या भाच्यापर्यंत.
मग थोडं गुरुत्व,
कढीत मीठ टाकून पुन्हा चाखावं तेवढं,
शून्य पूर्णांक दोन.
ती परत आली. कडेलाच, पण आत.

'आणि ही रेघेची लांबी म्हणजे?'
शाबा किनळेकर, संघाचे हिशेबनीस,
मघापासून माझ्या खांद्यामागे उभे.
म्हटलं, किती लांब राहिलं
की दोघांनाही बरं वाटतं, ते अंतर.
'ते माणसागणिक वेगळं.'
म्हटलं, यात सगळ्यांना एकच आकडा.
ते हसले नाहीत.
'म्हणजे सरकारी दिसतंय.'

दर वेळी चित्र नवं येतं.
काल देवळाकडचे वर होते, आज खाली,
काल चॅपलकडचे डावीकडे, आज कुठेही.
सुरुवातीचं बी बदललं की असं होतं, मी सांगितलं.
'बी कुठलं?'
चारशे सत्तावीस.
त्यांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.
'आमच्या खाजनात कोरगुट,' ते म्हणाले,
'खारं पाणी त्यालाच सोसतं.'

मग त्यांचं बोट पडद्यावर थांबलं.
'हे दोघे इथे कसे?'
बोस्त्यांव आणि इनास.
सख्खे भाऊ, मानशीच्या फळ्यांच्या पैशांवरून
एकोणीस वर्षं अबोला.
दोघांत रेघ नाही, मी तपासलं.
बोस्त्यांवने इनासचं नाव घेतलं नव्हतं,
इनासने तर माझा कागदच उलटा ठेवला होता
भावाच्या अडनावाचा आकार दिसताच,
जे त्याचंही होतं.
आणि इथे ते इतके जवळ
की नावावर नाव आलेलं.

मी जोर हजार केला.
सगळं गाव फुगलं, पार काठांना लागलं,
ते दोघे सोबतच सरकले.
दोन हजार. तेच.
वही काढली तेव्हा कळलं:
दोघांनी तीच सात नावं सांगितली होती,
त्याच क्रमाने.

आता तापमान उतरवायचं,
पावलं लहान करत न्यायची,
म्हणजे ठिपके आपापली जागा धरतात.
चारशे फेऱ्यांनी ते थांबले,
म्हणजे मी थांबवले.
बारीक बघितलं तर थरथरत होते अजून.
ताण शून्यावर येत नाही कधी,
फक्त आपली चहाची वेळ होते.

शाबा दारात जाऊन बाहेर बघत राहिले.
भरती चढत होती. मानशीची दारं
पाण्याच्याच दाबाने मिटतात,
ओहोटीला आपसूक उघडतात,
त्यांना कुणी आकडे सांगत नाही.
'असं नाही,' ते म्हणाले,
'दार लाकडात किती सैल बसवायचं
ते सुताराच्या हातात.
घट्ट बसलं तर फुगून अडतं,
फार सैल, तर शेत खारं.'
सुतार म्हणजे बोस्त्यांव.
फळी धरायला पूर्वी इनास असे.
आता कोण धरतो,
ते विचारायचं राहिलं, फेरीचा भोंगा झाला.

नावांवर नावं येऊ नयेत
म्हणून शेवटी एक छोटी चौकट असते,
खूण केली की सगळं सुटं, वाचनीय.
फाइल जतन केली, बियाण्यासकट.
ती चौकट
रिकामीच ठेवली.