शाळा सोडण्याचे कारण

दाखल्यावर एक रकाना असतो:
शाळा सोडण्याचे कारण.
मी लिहितो, पालकांच्या विनंतीवरून.
यंदा हे अक्षर फार वळणदार झालंय.

सव्वासातला दिग्रसची पिवळी व्हॅन
चावडीपाशी दोनदा हॉर्न देते.
टाय लावलेली पोरं चढतात,
परवापर्यंत माझ्याकडे पाढे म्हणणारी.
तन्मय ढाले खिडकीतून "गुरुजी!" ओरडतो,
मग जीभ चावून, "गुड मॉर्निंग."

त्याची आई निंदणाच्या मजुरीतून फी भरते.
"तुमचं शिकवनं वाईट नाही जी,
पण आमच्याच पोट्ट्यानं काहून मांगं राहाव?"
मी शिक्का मारला.
शाई जरा जास्तच लागली.

पट एकोणीस.
विसाच्या खाली गेला की कागद येतो, समायोजनाचा.
जवळची शाळा तीन किलोमीटर, मधे नाला.
नाला कागदावर नाही.

कांताबाई मात्र अजून तिसांची खिचडी टाकतात.
हाताला सवय, म्हणतात.
उरत नाही.
व्हॅन परतली की टायवाली पोरं
मागच्या दारानं ताटल्या घेऊन बसतात,
आणि पोडावरची रेणू टेकाम,
जिला व्हॅन कधी घ्यायला येत नाही,
त्यांना वाढते; आधी पाढा म्हणवून घेते.

माझी मुलगी यवतमाळला, इंग्रजी माध्यमात.
तिचं नाव मी या शाळेत घातलंच नव्हतं,
म्हणून तिच्यासाठी
तो रकाना भरावा लागला नाही.