खळीचा नकाशा

चिराबाजारच्या शाळेत मी भूगोल शिकवायचो, तेव्हाची गोष्ट.
आगबोटीतून अमेरिकेचा एक नकाशा आला होता,
कापडावर चिकटवलेला, एका कोपऱ्याला वाळवी लागलेला.
उजवीकडे गावांची दाटी.
डावीकडे, मिसिसिपी ओलांडली की,
चार बोटं कोरा कागद आणि मग आमची भिंत.

दर दीड-दोन वर्षांनी वर्तमानपत्रातून
एखादा नवा मुलूख यायचा.
टेक्सस. मग पार समुद्रापर्यंत कॅलिफोर्निया, सोन्यासकट.
मी बायकोकडे तांदळाची खळ मागायचो,
पट्टी कापायचो, रंगवायचो, डकवायचो.
देश पश्चिमेला सरकत सरकत दारापर्यंत आला.
दार उघडलं की कॅलिफोर्निया दुमडायचा.

पोशा तांडेल मागे बसायचा.
भरतीच्या वेळा मी त्यालाच विचारायचो.
एकदा तो म्हणाला, गुरुजी, पट्टीखाली कोण होतं?
मी म्हणालो, खळ.
वर्ग हसला.
तो नाही हसला.

कॅन्ससची पट्टी मात्र बसेना.
इकडून दाबली की तिकडून सुटायची.
तिथे एका मुलखात दोन सरकारं,
एकाला गुलाम हवे, दुसऱ्याला नकोत;
आणि नको म्हणणाऱ्यांतल्या पुष्कळांना
काळा माणूस मुळात शेजारीच नको होता.
हे मी वर्गात सांगितलं नाही.

मला वाटायचं, जमीन वाढली की भांडण पातळ होतं,
चुलतभाऊ लांब लांब घरं बांधतात तसं.
तिथे उलटंच.
प्रत्येक नव्या शिवारात
जुना प्रश्न आधीच जाऊन बसलेला,
पाटावर, हात धुऊन.

जेठा, कापसाच्या दलालाचा मुलगा, उठून म्हणाला,
गुलाम नसले तर कापूस कोण वेचणार?
नारायण म्हणाला, ज्याला नेसायचाय तो.
मधल्या सुट्टीत विहिरीपाशी दोघांनी कॅन्सस लढवलं.
पडलेला दात कोणाचा ते दोघंही सांगेनात.
खडूच्या डबीत अजून आहे.

मग ते खरोखरच फाटलं.
त्यांची बंदरं अडली, आमचा कुलाबा फुगला.
खंडीचा भाव दुपारी एक, दिवेलागणीला दुसरा.
शेजाऱ्यांनी गाद्या उसवून कापूस विकला.
बायको म्हणाली, माझ्या उशीला हात लावाल तर बघा.

पैसा इतका झाला की शहराला जमीन पुरेना.
तेव्हा आम्हीही पश्चिमेला निघालो,
म्हणजे समुद्रात.
एका कंपनीचा माणूस आला: मोरोबा विजयकर आपणच ना,
आपला हात पट्टीवर चांगला बसलाय म्हणतात.
त्यांच्या नकाशात मी बॅक बेवर
गेरूच्या रंगाची जमीन डकवून दिली.
मोबदला, एक शेअर.

पट्टी सुकत होती तेव्हा पोशा आला,
आता मिशीवाला, खांद्यावर ओलं जाळं.
उभ्यानेच त्याने नकाशा पाहिला,
जिथे त्याची होडी लागायची तिथे बोट ठेवलं.
बोटाला खळ लागली. ती त्याने जाळ्याला पुसली.
या खेपेला काही विचारलं नाही.

लढाई संपल्याची बातमी आगबोटीने आली
आणि आठवड्याभरात
जेठाचा बाप घोड्यांसकट गाडी विकून मोकळा झाला.

शेअरचा कागद मात्र दणकट.
मी तो उलटा करून कॅन्ससवर डकवला.
आता बसलाय.
बाकीच्या पट्ट्यांची खळ झुरळं खातात.
सकाळी शाळा उघडतो तर एखादा मुलूख
जमिनीवर पडलेला असतो, पोटाकडून वर.
मी झटकतो, पुन्हा लावायला जातो,
आणि हात तसाच राहतो.

भिंत दिसते.
ती आधीपासूनच होती.