सातापर्यंत

चाळीस वर्षं मांसाच्या कारखान्यात सुरी चालवलेला निकानोर
जानेवारीच्या भर उन्हाळ्यात
जाळीवर वांगी मांडतो,
आणि आम्ही, उरुग्वे नदीकाठचे पाच म्हातारे,
टोप्या हातात घेऊन उभे,
मयताला आल्यासारखे.

"हसू नका," तो म्हणतो.
कुणीच हसत नसतं.
शर्टाच्या दोन बटणांमधून
छातीवरचा व्रण दिसतो, अजून गुलाबी.

मुलगी यामिला फ्रिजवर कागद चिकटवून गेली आहे:
मीठ चिमूटभरच.
चरबी निखाऱ्यांवर ठिबकू द्यायची नाही.
करपलेलं खरवडून टाका, बाबा. खायचं नाही.

तो जाळी दोन कड्या वर घेतो.
तळहात निखाऱ्यांवर धरतो, पूर्वीसारखाच,
आणि मोजतो.
बरगड्यांना चार पुरे असत.
आज पाच, सहा...
सात म्हणेपर्यंत आमचेही ओठ हलू लागलेले,
इस्पितळात त्याची नाडी धरून बसलेल्या
त्या नर्ससारखे.

बोगा मासा, पोटात लिंबाच्या चकत्या.
लाल ढोबळी मिरची, साल फुगून फाटलेली.
तीन कणसं, त्यातलं एक किडकं.
एल्पिदियोनं खिशात लपवून आणलेलं सॉसेज
खिशातच राहिलं;
कुत्रा तेवढा त्याच्या मांडीपाशी बसून होता.

वांगं उललं. वाफ बाहेर आली.
निकानोरनं पहिला घास घेतला,
चावत राहिला, चावण्यासारखं काही नसताना.
"कसं आहे?"
"हे मांस नाही," तो म्हणाला,
आणि दुसरी फोड उचलली.