माणशी आठ वॅट

येरेवान, त्र्याण्णवचा हिवाळा.
दिवसातून एक तास वीज,
तीही कधी येईल याचा नेम नाही.
खोलीतली लाकडी फरशी आम्ही डिसेंबरातच जाळून बसलो होतो,
मग बाबांचे जुने बूट.
बाबा रोस्तोवला कामावर,
त्यांना तिकडे दुसरे मिळाले असतील.

आईने विटेला खाचा पाडून
निक्रोमची तार गुंडाळली.
मातेवोसकाका मीटर घेऊन आले.
बल्बचा कारखाना बंद पडला
तेव्हा थकलेल्या पगारापोटी त्यांनी एवढंच उचललं होतं.
"दाब दोनशे वीस धर. धारा पाच. भाग."
खिडकीच्या काचेवरच्या हिमात मी बोटाने भागाकार मांडला:
चव्वेचाळीस. बाकी शून्य.
"हा रोध. हा तारेचा स्वभाव,
आपण ओरडलो म्हणून बदलायचा नाही. आता गुण."
अकराशे वॅट!
मी हातमोजे काढूनच ठेवले.

वीज आली.
जिन्याच्या आठ बिऱ्हाडांत आठ विटा एकदम लागल्या
आणि काटा अर्ध्या वाटेत थबकला.
एकशे दहा. धारा अडीच.
भागलं. चव्वेचाळीसच.
गुणलं.
दोनशे पंचाहत्तर.
तार लालसुद्धा झाली नाही, नुसती लाजली.
मला वाटलं होतं, निम्म्याला निम्मी ऊब.
"दाब निम्मा, म्हणून धाराही निम्मी,
निम्म्याची निम्मी म्हणजे पाव,"
काकांनी हातमोजे माझ्याकडे सरकवले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ठरलं:
एकच वीट, आमची. सगळ्यांनी स्टुलं घेऊन यायचं.
चौथ्या मजल्यावरची सातेनिकही यायची,
अंथरुणाला खिळलेल्या बाग्रातला चार घोंगड्यांत गुंडाळून.
आई शिलाईच्या वहीत पाच रकाने आखून लिहायची:
दाब १९६, धारा साडेचाराला जरा कमी, रोध ४४, शक्ती ८७२.
पाचवा रकाना, काही वेगळं घडलं तर, कारणाचा.
आठवडाभर तो रिकामाच राहिला.
तार केशरी व्हायची.
कुणी मोजे वाळवायचं, कुणी बटाटा भाजायचं.
एकदा लग्नाची बोलणीही झाली, ती पुढे फिसकटली.

मग एका संध्याकाळी काटा १७६ वर.
धारा बरोब्बर चार.
मी न सांगता भागलं: ४४. आमची तार शुद्ध होती.
गुणलं: ७०४.
काकांनी मीटर उलटं केलं, सुलटं केलं
आणि कुणाकडेही न बघता म्हणाले,
"या जिन्यात आणखी एक वीट लागलीय."
सातेनिकचं स्टूल रिकामं होतं.

गुरगेन नळवाला उठला.
दाराची कडी त्याने काढलीसुद्धा.

"थांब," आई म्हणाली, आणि पेन्सिल मला दिली.
"आठशे बहात्तरातून सातशे चार."
एकशे अडुसष्ट.
"माणसं मोज."
मातेवोसकाका धरून, पाळण्यातली अनी धरून एकवीस.
"भाग."

एकवीस अठ्ठे अडुसष्टाशे... नाही, चुकलं, हातचा विसरले.
पुन्हा.
आठ. माणशी आठ वॅट.
काका म्हणाले, टॉर्चचा दिवा जरा जोरात लावला तर एवढे जातात.

गुरगेनने कडी परत लावली.
वर कुणीतरी खोकलं,
बरंच लांबलेलं, मग शांत.
कुणीतरी बटाटा उलटला.

ती वही आता माझ्याकडे आहे.
त्या तारखेपुढे चार रकाने नीट भरलेत,
दाब, धारा, रोध, शक्ती.
कारणाचा आईने कोराच ठेवलाय.